फोनची रॅम नेमकी जाते कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन अडखळला की पहिला आळ रॅमवर येतो. मग कोणी क्लीनर ॲप टाकतं, कोणी दर दहा मिनिटांनी ॲप्स सरकवून फेकतं, कोणी थेट नवा फोन घ्यायला निघतं. मी काही वर्षं मोबाइल ॲप्स लिहिली आणि तेवढीच वर्षं मित्र-नातेवाइकांच्या याच प्रश्नांना उत्तरं देत आलो. ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बरंचसं अँड्रॉइडला धरून आहे. आयफोन जिथे वेगळा वागतो, तिथे तसं सांगितलं आहे.

रॅमलाही मेमरी म्हणतात आणि १२८ जीबीलाही मेमरीच म्हणतात. मग नक्की मेमरी कोणती?

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. १२८ किंवा २५६ जीबी म्हणतात ते स्टोरेज. फोटो, ॲप्स, व्हिडिओ तिथे राहतात आणि फोन बंद केला तरी जागच्या जागी असतात. रॅम म्हणजे चालू कामाची जागा. तिच्यात प्रत्येक बिट एका सूक्ष्म विद्युतभारात साठवलेला असतो आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून सेकंदाला अनेक वेळा तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सगळं पुसलं जातं.

मग दोन्ही कशाला? वेगासाठी. रॅममधून माहितीचा तुकडा मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, स्टोरेजच्या फ्लॅश चिपमधून मिळायला त्याच्या शेकडो पट. प्रोसेसर फक्त रॅमशीच थेट बोलतो. स्टोरेजमधलं काहीही वापरायचं तर आधी रॅममध्ये आणावं लागतं. या पानावर ‘मेमरी’ म्हटलं की रॅमच समजा.

८ जीबीचा फोन आहे. एकही ॲप उघडलेलं नाही, तरी निम्म्याहून जास्त रॅम भरलेली दिसते. कोणी खाल्ली?

थोडी रॅम तुमच्या हातात येण्याआधीच गेलेली असते. मॉडेम, कॅमेऱ्याची चित्रं हाताळणारी चिप, पासवर्ड-बोटांचे ठसे सांभाळणारा सुरक्षित कप्पा, या सगळ्यांसाठी फोन सुरू होतानाच जागा राखून ठेवली जाते. म्हणून सिस्टीम स्वतःकडची एकूण रॅम मोजते तेव्हा पूर्ण ८ भरत नाही.

त्यानंतर येतो कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा. अँड्रॉइडमध्ये तो लिनक्स नावाच्या खुल्या सिस्टीमचा असतो. त्याच्यावर सिस्टीमच्या सेवा, कीबोर्ड, होम स्क्रीन, नोटिफिकेशनची पट्टी. याशिवाय तुम्ही सकाळपासून उघडलेली आणि ‘बंद’ केलेली ॲप्स, जी प्रत्यक्षात मागे पडून राहिलेली असतात. आणि उरलेल्या जागेत फाइल्सच्या प्रती. स्टोरेजमधून एकदा वाचलेली गोष्ट पुन्हा लागेल या हिशोबाने कर्नल ती रॅममध्ये ठेवून देतो.

हा शेवटचा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. ही जागा भरलेली दिसते खरी, पण मागितली की त्या क्षणी सुटते. म्हणूनच लिनक्समध्ये ‘रिकामी’ आणि ‘उपलब्ध’ असे दोन वेगळे आकडे असतात. बघायचा तो दुसरा.

पण रिकामी रॅम असणं चांगलंच ना?

नाही. रिकाम्या रॅमलाही भरलेल्या रॅमइतकीच वीज लागते, कारण भार पुन्हा भरण्याचं काम चिपला करावंच लागतं, आत काही असो वा नसो. मग ती रिकामी ठेवून मिळवलं काय?

ॲपला मेमरी मिळते कशी? ते मागेल तेवढी जागा देऊन टाकतात का?

देतात, पण बऱ्याचदा कागदोपत्रीच. ॲपने १०० एमबी मागितली तर कर्नल लगेच ‘घे’ म्हणतो आणि प्रत्यक्षात काहीच देत नाही. प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, स्वतःचे असे काल्पनिक पत्ते मिळतात. त्यातल्या एखाद्या पत्त्यावर ॲप पहिल्यांदा काही लिहायला गेलं की प्रोसेसर अडतो, कर्नलला हाक मारतो, आणि तेव्हा कुठे खऱ्या रॅममधला एक तुकडा त्या पत्त्याशी जोडला जातो. या तुकड्याला पेज म्हणतात, आपण पान म्हणू. मागितलेल्या पण कधीच न वापरलेल्या जागेचा भार कोणावरच पडत नाही.

ॲपच्या कोडचंही तसंच. २०० एमबीचं ॲप उघडलं म्हणजे २०० एमबी रॅममध्ये ओतले जात नाहीत. फाइलचा नकाशा तेवढा पत्त्यांवर मांडला जातो आणि ज्या पानाला हात लागेल ते पान आत येतं. एखाद्या ॲपमधली जी सोय तुम्ही कधीच वापरली नाही, तिचा कोड तुमच्या रॅममध्ये बहुधा कधी आलेलाच नसतो.

अँड्रॉइडची मला सगळ्यात आवडलेली युक्ती इथेच आहे. फोन सुरू होताना ‘झायगोट’ नावाची एक प्रोसेस उभी राहते. जीवशास्त्रात ज्या एका पेशीपासून पुढचा सगळा जीव घडतो, तिचंच हे नाव. जवळपास प्रत्येक ॲपला लागणारे हजारो क्लास (कोडचे तयार साचे) आणि सामायिक चित्रं ती आधीच रॅममध्ये आणून ठेवते आणि वाट बघत बसते. तुम्ही ॲप उघडलं की झायगोट स्वतःचं दुभाजन करते आणि नवा भाग म्हणजे तुमचं ॲप. गंमत अशी, की दुभाजन झालं तरी पानांची प्रत निघत नाही. आई आणि लेकरू तीच पानं वाचतात. कोणी एखाद्या पानावर लिहायला गेलं तरच त्या एका पानाची वेगळी प्रत निघते. पन्नास ॲप्स चालू असली तरी त्या सामायिक सामानाचा मोठा भाग रॅममध्ये एकदाच असतो, आणि ॲपही झटकन उघडतं, कारण अर्धं घर आधीच लावून ठेवलेलं असतं.

हे पान केवढं असतं?

अँड्रॉइडवर वर्षानुवर्षं ४ केबी. ॲपलने ६४ बिटी आयफोनमध्ये १६ केबीची पानं घेतली. अँड्रॉइड १५ पासून तिथेही १६ केबी पानांची सोय आली आहे. पानं मोठी असली की त्यांच्या नोंदी कमी ठेवाव्या लागतात आणि पत्ता शोधण्यात प्रोसेसरचा वेळ कमी जातो. उलट १७ केबीच्या गरजेला दोन पानं म्हणजे ३२ केबी अडतात. थोडी रॅम देऊन वेग विकत घ्यायचा, असा हा सौदा आहे.

आणि रॅम खरंच संपत आली की?

मग पायरीपायरीने आवराआवर सुरू होते. या प्रश्नावर थोडं थांबू, कारण फोनच्या बऱ्याचशा ‘विचित्र’ वागण्याचं मूळ इथे आहे.

मोकळी पानं ठरावीक पातळीखाली गेली की कर्नलमधला ‘के-स्वॅप-डी’ नावाचा कामगार जागा होतो. तो पानांचे दोन ढीग करतो. पहिल्या ढिगात जी स्टोरेजमधल्या फाइलची जशीच्या तशी प्रत आहेत अशी पानं: ॲपचा कोड, फॉन्ट, चित्रं. ती सरळ टाकून देता येतात. लागली तर पुन्हा वाचू. दुसऱ्या ढिगात ॲपने चालता चालता स्वतः तयार केलेली माहिती. तिची प्रत दुसरीकडे कुठेच नाही, त्यामुळे टाकता येत नाही.

संगणक अशी पानं डिस्कवर नेऊन ठेवतो. फोनमध्ये ते सहसा टाळतात, कारण फ्लॅशवर लिहिण्याच्या खेपा मोजक्या असतात आणि सतत लिहीत राहिलं तर ती झिजते. त्यावर तोडगा म्हणजे झेड-रॅम. रॅमचाच एक कोपरा राखायचा आणि थंड पडलेली, म्हणजे बराच वेळ हात न लागलेली पानं दाबून, आकुंचित करून तिथे कोंबायची. एरवीची माहिती निम्म्याहून कमी जागेत सहज मावते. हिवाळा संपल्यावर रजया घट्ट गुंडाळून माळ्यावर टाकाव्यात तसं. परत हवी झाली की उलगडायला प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात, पण स्टोरेजची वारी वाचते. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये ५१२ एमबी रॅमच्या फोनवरही सिस्टीम चालावी म्हणून बरीच काटकसर केली गेली, तिच्यात ही सोय होती. आज १२ जीबीच्या फोनमध्येही ती असते.

एवढं करूनही भागलं नाही, तर उचलबांगडी. कोणाची, हे आधीच ठरलेलं असतं. अँड्रॉइड प्रत्येक प्रोसेसला एक गुण देत असतो आणि तो सतत बदलत असतो. समोर उघडलेल्या ॲपला ०. दिसतंय पण समोर नाही त्याला १००. दिसत नाही पण जाणवतंय, म्हणजे गाणं वाजवणारं ॲप, त्याला २००. मागे काम करणाऱ्या सेवेला ५००, होम स्क्रीनला ६००, तुम्ही नुकत्याच सोडलेल्या ॲपला ७००, आणि नुसतंच पडून असलेल्याला ९०० ते ९९९. ज्याचा आकडा मोठा, त्याला आधी नारळ. सिस्टीमच्या स्वतःच्या प्रोसेसचे गुण उणे असतात, म्हणजे त्या जवळपास अमर.

मारणाऱ्याचं नाव ‘लो मेमरी किलर’. पूर्वी तो कर्नलच्या आत राहायचा आणि मोकळ्या पानांचा आकडा बघून वार करायचा. तो आकडा फसवा असतो, हे वर पाहिलंच. पुढे त्याला कर्नलबाहेर काढलं, आणि अँड्रॉइड १० पासून तो वेगळंच काहीतरी बघतो: मेमरीची वाट बघण्यात कामं किती वेळ खोळंबली. किती जागा उरली यापेक्षा कोणाचा किती खोळंबा होतोय हे विचारणं, मला वाटतं, या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा बदल आहे.

ॲपला मारण्याआधी सूचना देत नाहीत का?

मेमरीची ओढ लागली की ‘पसारा आवरा’ असा निरोप आयफोन ॲप्सना देतो. अँड्रॉइडही देत असे, पण अँड्रॉइड १४ पासून त्यातले बहुतेक निरोप बंद झाले. चांगलं लिहिलेलं ॲप मग तात्पुरत्या साठवलेल्या प्रतिमा सोडून देतं. पण प्रत्यक्ष मारताना कोणी विचारत नाही. निरोपाकडे काणाडोळा करणारी ॲप्स भरपूर आहेत, आणि त्यांचे लेखक कधीकाळी मीही होतो.

आयफोनला कमी रॅम कशी पुरते?

२००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये १२८ एमबी रॅम होती आणि ॲपलखेरीज दुसऱ्या कोणाच्या ॲपला मागे चालत राहायची मुभाच नव्हती. २०१० मध्ये एका वेळी अनेक ॲप्स चालवण्याची सोय आली, तीसुद्धा मोजूनमापून: ॲप सोडलं की त्याला काही सेकंद मिळतात आणि मग ते गोठवलं जातं. गाणी, नकाशे, कॉल अशा मोजक्या कामांनाच सवलत. मागे चालणारं कमी, म्हणून मेमरीची ओढाताणही कमी.

दुसरं कारण ॲप लिहिण्याच्या भाषेत आहे. अँड्रॉइडची ॲप्स मुख्यतः जावा किंवा कोटलिनमध्ये असतात. तिथे नको झालेल्या वस्तू, म्हणजे ॲपने रॅममध्ये तयार केलेले माहितीचे तुकडे, लगेच फेकल्या जात नाहीत. साचू देतात आणि सफाई कामगार अधूनमधून येऊन गोळा करतो. या पद्धतीला नीट चालायला हातात मोकळी जागा लागते. ॲपलकडे प्रत्येक वस्तूला किती जणांनी धरून ठेवलंय याची मोजणी चालू असते, आणि आकडा शून्य झाला की वस्तू त्याच क्षणी जाते. २०११ पासून ही मोजणी कंपायलरच, म्हणजे लिहिलेल्या कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅमच, घालून देतो. साचणारा कचरा कमी, पण दोन वस्तूंनी एकमेकींना धरून ठेवलं तर मोजणी कधीच शून्यावर येत नाही, हे तिथलं दुखणं.

मारणारा तिथेही आहेच, नाव जेटसॅम. बुडतं जहाज हलकं करायला समुद्रात फेकलेल्या मालाला इंग्रजीत हा शब्द आहे. कोणी ठेवलं माहीत नाही, पण नाव अचूक आहे. तो रॅम संपण्याची वाटही बघत नाही: एकेका ॲपने किती घ्यावी याची मर्यादा असते आणि ती ओलांडली की समोर उघडलेलं ॲपही जातं. पानं दाबून ठेवणं आयफोनमध्येही चालतं. स्टोरेजवर पानं नेण्याची सोय २०२२ मध्ये आयपॅड-ओएस १६ मधून आली, तीही एम-१ चिप आणि पुरेसं स्टोरेज असलेल्या आयपॅडपुरती. तिथे एखाद्या अवजड ॲपला १६ जीबीपर्यंत मेमरी मिळू शकते.

अलीकडची ॲप्स वर सरकवून काढून टाकावीत का?

नको. ती जी कार्डं दिसतात ना, ते नुसते फोटो आहेत. तुम्ही ॲप सोडलंत तेव्हा सिस्टीमने पडद्याचं चित्र काढून ठेवलं. त्यामागचं ॲप रॅममध्ये असेलच असं नाही. कदाचित तासाभरापूर्वीच त्याची गच्छंती झाली असेल आणि कार्ड मात्र रुबाबात उभं आहे. वीस कार्डं म्हणजे वीस चालू ॲप्स, हा समज इथेच कोसळतो.

जे ॲप खरंच रॅममध्ये पडून आहे, तेही बहुधा स्वस्थच असतं. अँड्रॉइड ११ पासून अशा ॲपला गोठवण्याची सोय आहे. गोठलेलं ॲप प्रोसेसरचा एक ठोकाही वापरत नाही. ते सरकवून काढलं तर पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून: प्रोसेस उभी करा, फाइल्स वाचा, नेटवरून माहिती आणा. बॅटरी वाचवायला निघालात आणि जास्त खर्च केलीत. २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलला हेच विचारलं, की ॲप्स बंद केल्याने बॅटरी वाचते का आणि तुम्ही स्वतः तसं करता का. सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडरिघी यांचं उत्तर दोन शब्दांत होतं: नाही आणि नाही.

एखादं ॲप अडकलंय, गरम होतंय, विचित्र वागतंय, तर जरूर काढा. तेवढ्या एकालाच.

मग रॅम साफ करणारी ॲप्स काय करतात?

जुन्या अँड्रॉइडवर मागची ॲप्स मारायला सांगतात (अँड्रॉइड १४ पासून सिस्टीम दुसऱ्याची ॲप्स अशी मारूच देत नाही) आणि ‘१.२ जीबी मोकळी केली’ म्हणून मोठा हिरवा आकडा दाखवतात. त्यातली बरीच ॲप्स दोन मिनिटांत परत उभी राहतात, कारण त्यांना निरोप घ्यायचे असतात, वेळापत्रकं पाळायची असतात. मग तुम्ही पुन्हा बटण दाबता, पुन्हा हिरवा आकडा. आणि हे सगळं करायला क्लीनर स्वतः रॅममध्ये मुक्काम ठोकून असतं, जाहिरातींसकट. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

फॉर्म भरत होतो, मध्ये कॉल आला, परत गेलो तर सगळं कोरं. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा ॲपचा. तुम्ही कॉलवर होतात तेव्हा ते ॲप मागे गेलं आणि जागेसाठी बळी पडलं. असं होणार हे सिस्टीमने गृहीतच धरलेलं आहे, म्हणून ॲप मागे जाताना ती त्याला सांगते की तुझी अवस्था थोडक्यात लिहून दे, परत आलास की मी तुला देईन. चांगलं ॲप लिहून देतं: कोणता पडदा उघडा होता, कुठपर्यंत सरकवलं होतं, रकान्यात काय टाइप केलं होतं. परत येणाऱ्याला पत्ताही लागत नाही की मधल्या काळात ॲप एकदा मेलं होतं. आळशी ॲप लिहून देत नाही. ब्राउझरचे टॅब पुन्हा लोड होतात त्याची गोष्ट जवळपास हीच; एकेक टॅब स्वतःच मोठा गडी असतो.

माझा अलार्म वाजला नाही, चालण्याची नोंद अर्ध्यात थांबली. तेही रॅममुळेच?

कदाचित रॅमचा संबंधही नसेल. काही कंपन्या बॅटरी जास्त टिकते असं दाखवण्यासाठी अँड्रॉइडवर चढवलेल्या स्वतःच्या थरात असे नियम घालतात, की पडदा बंद झाला की मागचं बरंचसं मारून टाका, मेमरी भरपूर असली तरी. गुणांचा तो सगळा नेटका तक्ता मग शोभेपुरता उरतो. ॲप लिहिणाऱ्यांची यावर खूप जुनी तक्रार आहे आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. सेटिंग्जमध्ये त्या ॲपपुरते बॅटरीचे निर्बंध काढून बघा.

‘८ जीबी अधिक ८ जीबी वाढीव रॅम’ अशी जाहिरात असते. हे काय प्रकरण?

दुसरे ८ जीबी रॅम नव्हेत. ती स्टोरेजमधली जागा आहे, थंड पानं नेऊन ठेवायची. संगणकाची जुनी स्वॅपची कल्पना नव्या वेष्टनात. मागे पडलेली एक-दोन ॲप्स जास्त तग धरतील, हा खरा फायदा. पण समोरचं ॲप वेगवान होणार नाही, फ्लॅशवर लिहिणं वाढेल आणि स्टोरेज तेवढं कमी होईल. ४ जीबीच्या फोनवर चालू करून बघायला हरकत नाही. १२ जीबीच्या फोनवर मी बंद ठेवतो. नावात ‘रॅम’ हा शब्द घालायला मात्र नको होता.

कोणतं ॲप किती रॅम खातंय ते कुठे दिसेल?

अँड्रॉइडमध्ये ‘फोनविषयी’मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यांत मेमरीचा हिशोब असतो. मांडणी कंपनीप्रमाणे बदलते. आयफोनमध्ये सामान्य वापरणाऱ्याला हे दाखवतच नाहीत.

आकडे बघताना एक लक्षात ठेवा. झायगोटची सामायिक पानं कोणाच्या नावावर मांडायची? प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण मांडली तर बेरीज फोनच्या रॅमपेक्षा जास्त भरेल. म्हणून अँड्रॉइडचा नेहमीचा आकडा वाटणीचा असतो: एक पान दहा प्रोसेस वापरत असतील तर प्रत्येकीच्या नावावर दहावा हिस्सा. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. दुसरी ॲप्स बंद झाली की तुमच्या ॲपचा आकडा वाढतो, त्याने काहीही केलेलं नसताना.

३ एमबीचा फोटो उघडला तर ३ एमबीच रॅम लागते ना?

नाही, आणि याची किंमत मी मोजली आहे. ३ एमबी हा दाबलेल्या फाइलचा आकार. पडद्यावर दाखवायला ती उलगडावी लागते आणि तेव्हा प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात. ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके; गुणिले ४ म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे ४८ एमबी. एका फोटोला.

माझ्या पहिल्या ॲपमध्ये फोटोंची यादी होती आणि मी ते फोटो आहेत त्या आकारात उघडत होतो. माझ्या फोनवर पहिला दिसला, दुसरा दिसला, तिसऱ्याला ॲपने राम म्हटलं. फोनमध्ये रॅम होती. पण अँड्रॉइड प्रत्येक ॲपच्या जावा-वस्तूंसाठी वेगळी कमाल मर्यादा ठेवतो आणि तेव्हा चित्रांचे ठिपके त्याच कप्प्यात मोजले जायचे. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ते त्या कप्प्याबाहेर गेले. उपाय साधा होता: बोटाएवढ्या चौकटीत दाखवायचा फोटो उलगडतानाच लहान करायचा. तो सापडायला मला दोन रात्री लागल्या.

मेमरी लीक म्हणजे रॅम गळते का?

गळत नाही, तुंबते. काम झालं तरी ॲप एखादी वस्तू सोडायला विसरतं. कुठेतरी एक धागा तिला बांधलेला राहतो, म्हणून सफाई कामगाराला ती कचरा वाटत नाही. तुम्ही तोच पडदा पन्नास वेळा उघडता, पन्नास प्रती साचतात. ॲप जड होत जातं आणि एक दिवस पडतं. ॲप पडलं की मात्र त्याची सगळी पानं कर्नल परत घेतो, एकही मागे ठेवत नाही.

एक ॲप दुसऱ्या ॲपच्या मेमरीत डोकावू शकतं का?

सरळ मार्गाने नाही. काल्पनिक पत्त्यांचा खरा फायदा हाच: माझ्या ॲपला दिसणाऱ्या पत्त्यांत तुमच्या बँकेच्या ॲपची पानं येतच नाहीत, त्यामुळे मागायची सोयही नाही. शिवाय अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता मानतो.

आडमार्ग असतात ते कोडमधल्या चुकांचे. सी आणि सी++ मध्ये लिहिलेल्या भागात सोडून दिलेल्या जागेवर पुन्हा लिहिणं, हद्दीबाहेर वाचणं अशा चुका होतात आणि हल्लेखोर त्यांतून आत शिरतात. त्यावर दोन उपाय चालू आहेत. एक, नवा कोड रस्टसारख्या भाषेत लिहिणं. दुसरा हार्डवेअरमधला: मेमरीच्या दर १६ बाइटांवर ४ बिटांची खूण आणि पत्त्यावरही तीच खूण. जुळली नाही की प्रोसेसर जागच्या जागी थांबवतो. गूगलच्या २०२३ च्या पिक्सेल ८ फोनमध्ये ही सोय सुरू करता येते. २०२५ च्या आयफोन १७ मध्ये ॲपलने तिचा आपला अवतार सतत चालू ठेवला आहे.

३२ बिटी आणि ६४ बिटी याचा रॅमशी काय संबंध?

३२ बिटांत साधारण ४२९ कोटी पत्ते मावतात, म्हणजे ४ जीबी. एका प्रोसेसला त्यापलीकडचं काही दिसतच नाही. २०१३ च्या आयफोन ५एस पासून ६४ बिटी फोन आले. २०१७ मध्ये आयओएस ११ ने ३२ बिटी ॲप्स बंदच केली. अँड्रॉइडमध्ये दोन्ही बरीच वर्षं नांदली, म्हणजे सामायिक सामानाच्याही दोन-दोन प्रती. फक्त ६४ बिटी ॲप्स चालवणारा पहिला अँड्रॉइड फोन २०२२ चा पिक्सेल ७.

स्टोरेज गच्च भरलं की फोन मंद होतो. त्याचा रॅमशी संबंध आहे?

आडवळणाने. फ्लॅशमध्ये लिहिलेल्यावर थेट लिहिता येत नाही. आधी मोठा गठ्ठा पुसावा लागतो. मोकळे गठ्ठे उरले नाहीत तर लिहिण्याआधी हलवाहलव आणि पुसापुशी करावी लागते, आणि त्या वेळात वाचणंही रखडतं. अशात रॅम कमी असेल तर कर्नल सारखा पानं टाकतो आणि सारखा परत वाचायला स्टोरेजकडे धावतो. दुष्काळात तेरावा महिना. अशा वेळी रॅम साफ करण्यापेक्षा जुने व्हिडिओ काढा.

मग किती रॅम घ्यावी?

तुम्ही एका वेळी किती ॲप्समध्ये ये-जा करता त्यावर आहे. निरोप, कॉल, नकाशे, फोटो एवढंच असेल तर ६ ते ८ जीबी आरामात पुरते. अवजड गेम आणि पंचवीस टॅब असतील तर १२ चा उपयोग दिसेल. त्यापुढे मला फरक जाणवलेला नाही.

एक नवा भिडू मात्र आला आहे: फोनवरच चालणारी एआय मॉडेलं. त्यांना ‘लागेल ते पान आण’ ही युक्ती लागू पडत नाही, कारण प्रत्येक शब्द तयार करताना बहुतेक सगळं मॉडेल वाचावं लागतं. ३०० कोटी पॅरामीटरचं (म्हणजे शिकताना ठरलेल्या आकड्यांचं) मॉडेल, प्रत्येकाला ४ बिट धरले तरी, दीड जीबी अडवून बसतं. ॲपलने आपली एआय सोय ८ जीबीच्या आयफोनपासून पुढेच दिली, त्यामागे हा हिशोब दिसतो.

रोज फोन रीस्टार्ट करावा का?

रोज नको. सिस्टीमच्याच एखाद्या प्रोसेसमध्ये काही तुंबलं असेल, तर तिला मारणारं कोणी नसतं, म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा केला तर बरं. सुरू झाल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं फोन उलट जरा जडच वाटेल: फाइल्सच्या सगळ्या प्रती गेलेल्या असतात आणि प्रत्येक ॲप पहिल्यांदाच उघडत असतं.